चित्रकाराचे पाय

घरात फरशीला पॉलिश करायचं काम चाललं होतं. मशीनची घरघर, खोलीभर पांढरट रबडा, आणि त्या रबड्यात उकिडवा बसून कोपरे घासणारा एक माणूस. मशीन गोल असतं, कोपऱ्यात पोचत नाही. तिथे दगडाचा तुकडा घेऊन हातानेच घासावं लागतं. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते, कारण खाली टेकायला कोरडी जागाच नव्हती. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता, ओल्या फरशीवर चमकत होता, आणि त्या चकाकीवर त्याची वाकलेली पाठ. मी फोन उचलला आणि फोटो काढला. आवाज ऐकून त्याने मान वर केली.

"ताई, आत्ता कशाला काढता? काम झाल्यावर काढा ना. तेव्हा चकचकीत दिसेल."

मी ओशाळून हसले. त्याला वाटलं होतं मी फरशीचा फोटो काढतेय. फरशीकडे तर माझं लक्षही नव्हतं. मला हवी होती ती त्याची पाठ, आणि तीही मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली होती असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ती आधी कुणीतरी दाखवून ठेवलेली होती.

ग्युस्ताव काय्यबोत या फ्रेंच चित्रकाराचं १८७५ सालचं एक चित्र आहे. पॅरिसमधल्या एका रिकाम्या खोलीत तीन माणसं गुडघ्यांवर टेकून लाकडी जमीन तासताहेत. अंगात सदरा नाही, हात पुढे ताणलेले. मागच्या खिडकीबाहेर बाल्कनीच्या लोखंडी कठड्याची नक्षी दिसते आणि तिथून आलेला उजेड जमिनीवरून सरपटत या माणसांच्या खांद्यांवर चढतो. जिथे तासून झालंय तिथे लाकूड फिकट, जिथे बाकी आहे तिथे जुन्या व्हार्निशचा काळपट तवंग, असे एकाआड एक पट्टे. सालपटांची वेटोळी इकडेतिकडे पडलेली. उजवीकडे वाइनची बाटली आणि एक पेला. दोघांच्या माना एकमेकांकडे कललेल्या आहेत, काहीतरी बोलणं चाललं असावं. मला या चित्रात सगळ्यात खरं वाटतं ते हे बोलणं. बारा तास गुडघ्यांवर काढायचे तर शेजारच्याशी बोलल्याशिवाय दिवस ढळत नाही.

पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाने, म्हणजे सालोंने, हे चित्र नाकारलं. विषय हलका वाटला. खेड्यातला शेतकरी तोवर रंगवून झाला होता, तो लांबचा होता, त्याच्याभोवती संध्याकाळ आणि देवळाची घंटा ठेवता येत होती. शहरातला मजूर मात्र प्रेक्षकाच्या स्वतःच्या दिवाणखान्यात येऊन काम करून गेलेला असायचा. पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, दृक्प्रत्ययवाद्यांच्या, म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या, दुसऱ्या प्रदर्शनात ते लागलं. एमिल झोलासारख्या खाणकामगारांवर पुढे कादंबरी लिहिणाऱ्या माणसालाही ते रुचलं नाही. इतकं काटेकोर आहे की त्यात कला उरत नाही, अशा अर्थाची त्याची तक्रार होती.

मला खटकलं ते वेगळंच, आणि ते कळायलाही बरीच वर्षं गेली. या चित्रातली जमीन आपल्या अंगावर कलल्यासारखी दिसते. ती तशी दिसते कारण पाहणारा उभा आहे. गुडघ्यांवर टेकलेल्या माणसांना वरून पाहतो आहे. खोलीही काय्यबोतच्या स्वतःच्या घरातली होती असं मानलं जातं. वडिलांनी सैन्याला अंथरुणं-पांघरुणं पुरवून चिक्कार पैसा केला होता. ते नुकतेच वारले होते आणि सव्वीस वर्षांच्या या मुलाकडे तो पैसा आला होता. म्हणजे हा चित्रकार आपल्याच घरची जमीन तासून घेत होता आणि उभा राहून पाहत होता. चित्रात तो कुठेही नाही, पण त्याच्या डोळ्यांची उंची चित्रभर आहे.

तेव्हापासून कष्टकऱ्यांचं कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी चित्रकाराचे पाय शोधते. कुठे उभा होता हा? किती अंतरावर? जमिनीवर होता, घोड्यावर होता, की गाडीत?

गाडीत असलेला सापडतो तो फ्रेंच चित्रकार गुस्ताव कुर्बे. त्याचं 'खडी फोडणारे' हे १८४९ सालचं चित्र आज कुणालाच प्रत्यक्ष पाहता येत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमधून सुरक्षित जागी हलवताना बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झालं. आता जे आहे ते जुन्या छायाचित्रांतलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा एक गुडघा टेकून हातोडा उगारतोय, पायात लाकडी खडावांसारखे जोडे, मोज्याच्या फाटक्या टाचेतून कातडी दिसते. मागे एक पोरगा, पाठमोरा, फुटलेल्या दगडांची टोपली मांडीच्या आधाराने उचलणारा. मागे टेकडी अशी उभी की दृष्टी पलीकडे जाऊच नये. आकाश वरच्या कोपऱ्यात चिमूटभर. एका बाजूला जेवणाचं भांडं.

कुर्बेने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात हे दोघं कसे भेटले ते सांगितलंय. तो निसर्गचित्र काढायला गाडीतून निघाला होता, वाटेत ही दोघं दिसली, दारिद्र्याचं इतकं पुरेपूर रूप क्वचितच बघायला मिळतं असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्यांना स्टुडिओत बोलावून घेतलं. या धंद्यात माणूस त्या पोरासारखा सुरुवात करतो आणि या म्हाताऱ्यासारखा संपतो, असंही तो त्यात म्हणतो. मला त्या पत्रातली दुसऱ्या दिवशीची सकाळ छळते. स्टुडिओत हातोडा नुसता उगारून धरायचा, खाली आणायचा नाही. त्या दिवसाची खडी रस्त्यावर तशीच पडून राहिली असणार.

दोघांचेही चेहरे दिसत नाहीत यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मजूर म्हणजे कुणीही, बिनचेहऱ्याचा, वगैरे. असेलही. मला आपलं साधं कारण दिसतं. खडी फोडताना कुणी वर बघत नाही. वर बघितलं की हातोडा बोटावर बसतो.

पण लोक बिथरले ते आकाराने. अडीच मीटरहून रुंद कॅनव्हास. इतकी जागा तोवर राजांना, लढायांना आणि देवादिकांना मिळायची. आणि साल कुठलं, तर १८४८ ची क्रांती नुकतीच होऊन गेलेली. पॅरिसमध्ये बेकारांना काम देणाऱ्या सरकारी कार्यशाळा बंद केल्या म्हणून जूनमध्ये कामगार रस्त्यावर उतरले होते आणि सैन्याने त्यांना चिरडलं होतं. त्या पार्श्वभूमीवर दोन फाटक्या माणसांना पूर्णाकृती, भिंतभर पाहणं ज्यांना जड गेलं, त्यांची भीती अगदीच बिनबुडाची म्हणता येत नाही. कुर्बे पुढे १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे शहरातल्या बंडखोर राजवटीत, सामील झाला, व्हाँदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडल्याबद्दल तुरुंगात गेला, आणि नंतर तो स्तंभ पुन्हा उभारण्याचा तीन लाखांहून जास्त फ्रँकचा खर्च सरकारने त्याच्या नावावर लावला. तो स्वित्झर्लंडमध्ये ३१ डिसेंबर १८७७ ला वारला. पहिला हप्ता दुसऱ्या दिवशी भरायचा होता.

त्याच काळातल्या मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रातल्या तीन बायका सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेल्या असतात. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं त्या वेचताहेत. मराठीत याला नेमका शब्द आहे, सरवा. सरवा वेचणं हा गरिबाचा हक्क असतो आणि गरिबीचा पुरावाही. चित्रात लांब, अगदी बारीक, घोड्यावर बसलेला एक मुकादम आहे. बहुतेक कॅलेंडरांच्या छपाईत तो दिसतसुद्धा नाही.

व्हॅन गॉगच्या 'बटाटे खाणारे' या १८८५ च्या चित्राबद्दल मी थोडं भीतभीतच लिहिते, कारण ते सगळ्यांना आवडतं आणि मला ते पूर्ण आवडत नाही. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलंय की ज्या हातांनी ही माणसं ताटातलं उचलताहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणलीय, हे त्याला दाखवायचं होतं. त्यासाठी त्याने हात असे ओबडधोबड केले की ते हात न राहता विधान झाले. मात्र बसायची जागा त्याने फार प्रामाणिकपणे निवडली. एक मुलगी आपल्याकडे पाठ करून बसलीय. दिव्याचा उजेड तिच्यापलीकडे आहे आणि वर्तुळ पूर्ण भरलेलं आहे. आपल्यासाठी कुणी सरकून जागा केलेली नाही.

जर्मनीच्या केथे कोलविट्झकडे मी नेहमी याच्यानंतर वळते. चित्रकलेच्या रूढ अर्थाने ती रंगांची नव्हे, काळ्या-पांढऱ्याची कलावंत. लिथोग्राफ, एचिंग, लाकडी ठसे, म्हणजे दगडावरून, धातूच्या पत्र्यावरून, लाकडावरून छापलेली चित्रं. १८४४ साली सायलेशियातल्या विणकरांनी मजुरी घसरत गेल्यामुळे उठाव केला होता. त्यावरचं गेरहार्ट हाउप्टमानचं नाटक तिने १८९३ मध्ये बर्लिनला पाहिलं आणि पुढची चार वर्षं 'विणकरांचा उठाव' ही सहा चित्रांची मालिका केली. हलाखी, मृत्यू, मसलत, मोर्चा, हल्ला, शेवट. वहीच्या पानात मावतील एवढाली चित्रं.

पहिल्यात एक अंधारी खोली. मागाने अर्धी खोली खाल्लीय, पुढे पांघरुणात एक आजारी मूल आणि डोकं दोन्ही हातांत गच्च धरून बसलेली आई. मला या चित्रातला माग कुणा माणसाइतकाच जिवंत वाटतो, घरातला सगळ्यात धडधाकट प्राणी तोच. मोर्चात पुरुषांच्या हातात कुऱ्हाडी आहेत, पण डोळा जातो तो पाठुंगळी झोपलेलं पोर घेऊन चाललेल्या बाईकडे. ती घोषणा देत नाही. तिच्यात चालण्याचंच बळ जेमतेम आहे. पाचव्यात मालकाच्या घराचं नक्षीदार लोखंडी फाटक येतं आणि बायका रस्त्यातले दगड उपटून देताहेत. सहाव्यात त्याच मागाजवळ प्रेतं आणून ठेवलेली. सहा चित्रांत मालक एकदाही दिसत नाही. फक्त त्याचं फाटक.

१८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात परीक्षकांनी तिला पदक सुचवलं आणि जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसऱ्याने ते नामंजूर केलं. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ऐकायला बरीही वाटते. मला जास्त महत्त्वाची वाटते ती तिची कबुली. तिने स्वतःच लिहून ठेवलंय की सुरुवातीला ती कामगारांकडे ओढली गेली ती करुणेपोटी नव्हे. त्यांच्या हालचाली, त्यांच्या वागण्यातला मोकळेपणा तिला सुंदर वाटायचा, आणि मध्यमवर्गीय माणसं त्यापुढे मिळमिळीत. दुःखाची ओळख नंतर झाली, डॉक्टर नवऱ्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांशी बोलताना. बर्लिनच्या कामगारवस्तीत हा दवाखाना होता आणि त्या बायका डॉक्टरला तब्येत दाखवून तिच्याकडेही येऊन बसायच्या.

हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं का वाटलं म्हणून नंतर अस्वस्थही. मीही ती पाठ सुंदर दिसली म्हणूनच टिपली होती. फरक एवढाच की तिच्या गोष्टीला पुढचा भाग होता.

इटलीच्या जुझेप्पे पेलित्सा दा व्होल्पेदोने पाय शोधायचा प्रश्नच उलटा केला. त्याचं 'चौथा वर्ग' हे चित्र १९०१ मध्ये पूर्ण झालं, जवळजवळ साडेपाच मीटर रुंद. कामगारांचा लोंढा अंधारातून उजेडाकडे, थेट आपल्या दिशेने चालत येतो. पुढे तिघं. एकाने कोट खांद्यावर टाकलाय, एक हात कमरेच्या पट्ट्यात, आणि कडेवर बाळ घेतलेली एक अनवाणी बाई त्याला हाताने काही सांगतेय. इथे चित्रकार कुठे उभा आहे? त्यांच्या वाटेत. आपणही. त्यांनी थांबायचं की आपण बाजूला व्हायचं, हे चित्र सांगत नाही. त्यांच्या हातात शस्त्र नाही, मूठ आवळलेली नाही, घाई नाही. मला वाटतं म्हणूनच ते जास्त थोपवता न येणारे दिसतात. आवळलेल्या मुठींची चित्रं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि, खरं सांगते, त्यातली बरीचशी विसरले आहे.

या चित्राची खटपट त्याने दहा वर्षं केली. एकाच कल्पनेची आधी दोन मोठी रूपं, मग हे. मध्ये १८९८ साली मिलानमध्ये महागाईविरुद्ध उतरलेल्या लोकांवर सैन्याने तोफा चालवल्या होत्या. चित्रात रंग सलग फासलेला नाही, बारीक रेघा आणि ठिपके एकाशेजारी एक ठेवून तो उभा केलाय. साडेपाच मीटर कॅनव्हास ठिपक्यांनी भरायचा म्हणजे काय, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. ती अनवाणी बाई त्याची बायको तेरेसा. १९०७ मध्ये ती बाळंतपणात गेली आणि त्याच वर्षी त्याने स्टुडिओत गळफास घेतला. चित्र मिलान शहरासाठी विकत घेतलं गेलं ते १९२० मध्ये, लोकवर्गणीतून.

ठिपक्यांवरून फ्रेंच चित्रकार स्यूरा आठवतोच. 'आनियेर इथली आंघोळ', १८८४. नदीकाठी काही पुरुष आणि पोरं बसलीत, कुणी पाण्यात आहे. मागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी. कष्टाचं चित्र म्हणून हे कुणी सहसा सांगत नाही, कारण यात काम कुणीच करत नाही. पण इतका वेळ नीट पाहिलं की कळतं, ही माणसं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. सगळी एकाच बाजूला तोंड करून बसलीत. एक पोरगा ओंजळ तोंडाशी नेऊन हाक मारतोय, तीही पलीकडच्या काठाकडे. आणि पाण्यातून एक होडी उंच टोपीवाला साहेब आणि छत्रीवाली बाई यांना त्या पलीकडच्या काठाकडे नेतेय. स्यूराचं पुढचं प्रसिद्ध चित्र त्या दुसऱ्या तीराचं आहे, जिथे नटूनथटून आलेले लोक रविवार घालवतात. थकलेल्या माणसाची सुट्टी कशी असते ते मला या बसण्यातून कळलं. विश्रांती घेण्याइतकंही त्राण नसतं, नुसतं बसायचं असतं.

आता डेट्रॉइट, अमेरिकेतलं मोटारींचं शहर. याच्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा १९३२ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटला आला. पक्का कम्युनिस्ट, आणि काम दिलेलं कुणी, तर फोर्ड कंपनीच्या एड्सेल फोर्डने. कलासंग्रहालयाच्या अंगणाच्या चारही भिंतींवर २७ भित्तिचित्रं. रिव्हेरा फोर्डच्या रूज कारखान्यात महिनोन्‌महिने फिरला, रेखाटनं केली. तो यायच्या दीडेक महिना आधी, ७ मार्च १९३२ ला, कामावरून काढलेले हजारो कामगार याच कारखान्यावर मोर्चा घेऊन गेले होते. पोलिसांनी आणि कंपनीच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. चौघे मेले, पाचवा नंतर जखमांनी गेला. रिव्हेराच्या भिंतींवर हा मोर्चा नाही. गोळ्या नाहीत. तेव्हा शहरभर असलेले बेकार नाहीत. सगळे कामावर आहेत.

भिंती मात्र काय आहेत! उत्तरेला इंजिन तयार होतंय, दक्षिणेला गाडी जोडली जातेय. माणसं ओढताहेत, रेटताहेत, एकाच लयीत वाकताहेत, आणि यंत्रांच्या नळ्या आतड्यांसारख्या त्यांच्यामधून फिरताहेत. दाबयंत्र त्याने मेक्सिकोच्या प्राचीन अझ्टेक लोकांच्या देवीच्या मूर्तीच्या घडणीत बसवलंय, बळी घेणाऱ्या देवीच्या. काळे-गोरे कामगार एका रांगेत खांद्याला खांदा लावून काम करतात, जे प्रत्यक्ष कारखान्यात इतकं सरळ नव्हतं. कारखाना बघायला आलेले पाहुणे एका बाजूला उभे आहेत, चांगले कपडे घातलेले, चेहऱ्यावर कंटाळा. खालच्या पट्टीत करड्या रंगात कामगाराचा दिवस आहे, हजेरीपासून पगार घेऊन बाहेर पडण्यापर्यंत. ही खालची पट्टी मला वरच्या भव्यतेपेक्षा जवळची वाटते. वर यंत्राची पूजा आहे आणि खाली माणूस रांगेत उभा आहे.

ओल्या गिलाव्यावर रंगवायच्या या पद्धतीत एक गंमत आहे. त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा, तो वाळायच्या आत काम संपवायचं. त्या तुकड्याला इटालियनमध्ये 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. आपल्याकडे त्यालाच रोज म्हणतील. नीट पाहिलं तर भित्तिचित्रात हे जोड ओळखता येतात, किती रोज लागले ते मोजता येतं. रिव्हेराने गाडीच्या कारखान्याची भिंत रंगवली ती स्वतः रोजावर काम करून, आणि त्याच्या हाताखाली गिलावा मळणारे, रंग वाटणारे होतेच. त्यांचं चित्र कुणी काढलेलं नाही.

मग त्याने मोर्चा का गाळला? पैसे फोर्डचे होते म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि मला ते पुरेसं वाटत नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरच्या भिंतीवर त्याने लेनिन काढला, पुसायला नकार दिला, काम गमावलं, आणि १९३४ मध्ये ती भिंत फोडली गेली. भित्रा तो नव्हता. मला वाटतं तो यंत्राच्या प्रेमात पडला. माणूस कारखान्यात पहिल्यांदा शिरतो तेव्हा तसा पडतोच. तो तिथे पाहुणा म्हणून फिरत होता, आणि पाहुण्याला गेटाबाहेरची गर्दी दिसत नाही.

गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये डेट्रॉइट शहरानेच दिवाळखोरी जाहीर केली. शहराच्या मालकीची विकण्याजोगी मोठी चीज म्हणजे हा संग्रह, आणि घेणेकऱ्यांनी त्याकडे बोट दाखवलं. घेणेकऱ्यांत शहराचे निवृत्त कर्मचारीही होते, ज्यांची पेन्शनं अडकली होती. एका पारड्यात पेन्शन, दुसऱ्यात चित्रं. रिव्हेराच्या भिंती उचलून नेता आल्या नसत्या, पण त्यांच्याभोवतीच्या दालनांतलं बाकी सगळं जाऊ शकलं असतं. शेवटी काही प्रतिष्ठानं, राज्य सरकार आणि खुद्द संग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी करायचं कबूल केलं. चित्रं वाचली, पेन्शनं बऱ्याच अंशी वाचली. तरी साध्या कर्मचाऱ्यांच्या मूळ पेन्शनमधून साडेचार टक्के गेलेच. तिथे चाळीस वर्षं झाडलोट केलेल्या एखाद्या माणसाने त्या काळात अंगणात उभं राहून त्या भिंतींकडे कसं पाहिलं असेल, याचा मी अनेकदा विचार केलाय आणि दरवेळी वेगळ्या उत्तरावर पोचलेय.

जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराचे पाय शोधावे लागत नाहीत, तो गर्दीतच आहे. आईवडील दक्षिणेतून उत्तरेला आलेले, तो न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेला. कृष्णवर्णीयांच्या याच स्थलांतरावर त्याने १९४०-४१ मध्ये साठ छोटे फलक रंगवले, तेविसाव्या वर्षी. आगगाडीच्या फलाटांवरच्या रांगा, गाठोडी, न्यायाधीशाचं उंच टेबल, पेटलेली घरं. एका फलकाखाली लिहिलंय की मजुरांचे दलाल बेसावध लोकांना संप फोडण्यासाठी उत्तरेतल्या कारखान्यांत भरती करायचे. संपाच्या चित्रांत ही बाजू मी आणखी कुठे फारशी पाहिलेली नाही. संप फोडायला आणलेला माणूसही उपाशी असतो, आणि त्याला बहुधा कुणी सांगितलेलंही नसतं की तो काय फोडायला चाललाय.

त्याने हे साठही फलक एकदमच रंगवले. एक रंग घोटला की तो साठांपैकी जिथे जिथे लागणार तिथे तिथे लावून टाकायचा, मग दुसरा रंग. म्हणून पहिल्या फलकावरचा हिरवा आणि साठाव्या फलकावरचा हिरवा एकच आहे. रिव्हेराने कारखान्यातली जुळणीची ओळ, म्हणजे असेंब्ली लाइन, रंगवली, आणि या पोराने भाड्याच्या खोलीत स्वतःच ती ओळ चालवली. त्याआधी तो सरकारच्या बेकारी निवारण योजनेत चित्रकार म्हणून पगारावर होता. आठवड्याला २४ डॉलरच्या आसपास मिळायचे. पोलॉक, रॉथको हे पुढे नावाजलेले चित्रकारही त्याच हजेरीपटावर होते. न्यूयॉर्कच्या चित्रकारांनी तेव्हा युनियन काढली, कपातीविरुद्ध कचेऱ्यांत ठिय्या दिला, अटक करून घेतली. मजुराची चित्रं काढणारे स्वतः मजूर म्हणून मोजले गेले असा हा विरळा काळ. योजना बंद पडल्यावर त्यांतले काही कॅनव्हास रद्दीसारखे वजनावर विकले गेले. सुतार, गवंडी यांच्या कामाचंही शेवटी असंच होतं, त्यात चित्रकारांनी वेगळं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

फेर्नां लेजे या फ्रेंच चित्रकाराची एक हकिगत मला फार आवडते. १९५० मध्ये त्याने 'बांधकाम कामगार' हे मोठं चित्र केलं. लोखंडी तुळयांच्या पिंजऱ्यावर चढलेली माणसं, निळं आभाळ, जाड काळ्या रेषा. ही चित्रं त्याने पॅरिसजवळच्या मोटार कारखान्याच्या कँटीनमध्ये लावली, ज्यांची आहेत त्यांना बघू देत म्हणून. दुपारी कामगार जेवायला आले, बघितलं आणि हसले. असल्या हातांनी हे लोक काय काम करणार, असं म्हणाले. लेजे सांगतो की हळूहळू हसणं थांबलं, जेवताना नजर तिकडे जायला लागली, आणि चित्रं काढून न्यायची वेळ आली तेव्हा एक जण म्हणाला की आता नुसती भिंत समोर आली की यांना कळेल तुमचे रंग काय होते.

हकिगत सांगणारे या दुसऱ्या भागावर खूश असतात. मी पहिल्या भागाशी अडते. टीकाकारांनी लेजेच्या त्या नळकांड्यांसारख्या हातांवर पानंच्या पानं लिहिली आहेत. कँटीनमधल्या माणसाने एका वाक्यात पकड तपासली. बोल्ट आवळता येईल का या हाताने? नाही. मग कसला बांधकामवाला?

फरशीचं काम संध्याकाळी संपलं. पाणी मारून झालं, पुसून झालं. मशीन दारात नेऊन ठेवल्यावर त्याने हात पुसले आणि म्हणाला, "मघाचा फोटो दाखवा की ताई."

मी जरा बिचकत फोन दिला. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्वतःच्या पाठीवरून त्याचं बोट न थांबता पुढे सरकलं, उन्हाच्या पट्ट्यावरूनही सरकलं, खालच्या कडेला खुर्चीवर वर घेतलेल्या माझ्या पायांची बोटं आली होती त्यांच्यावरूनही, आणि मागच्या भिंतीशी, दाराच्या चौकटीपाशी जाऊन थांबलं.

"इथे दाग राहिलाय बघा."

तो तिकडे जाऊन उकिडवा बसला, फरशीवर तिरपी नजर टाकली. होताच. हातभर जागा, मंद. पुन्हा पाणी, पुन्हा दगडाचा तुकडा, दहा मिनिटं. उठला तेव्हा एक हात गुडघ्यावर होता.

"आता काढा," तो म्हणाला, आणि फोटोत आपण येऊ नये म्हणून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.